मुळशीचा तांदूळ विमानात बसला

सोलापूरच्या बाईने उन्हाची वीज शिकायला मुळशीला जायचं, याला काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. आमच्याकडे ऊन काय कमी आहे? मार्च लागला की आमच्या आयटीआयच्या शेडमधला पाना दुपारी हातात धरवत नाही. आणि मुळशीत पावसाळाभर सूर्य म्हणजे ऐकीव गोष्ट. पण प्राचार्यांनी माझंच नाव दिलं. मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. निवृत्ती जवळ आलीय, मुलगी लग्न होऊन सासरी गेलीय. असा मोकळा माणूस प्रशिक्षणाला पाठवायला फार सोयीचा असतो.

प्रशिक्षणाचं नाव तर विचारूच नका. सौर ऊर्जा आणि विजेवर उडणाऱ्या विमानांसाठी जमिनीवर लागणाऱ्या सोयी! मी म्हटलं, "सर, माझी पोरं मिक्सरच्या मोटारी भरतात. त्यांना विमान काय करायचंय?" सर म्हणाले, "मोटर ती मोटर, मॅडम. ही जरा वर जाते इतकंच." घरी आमच्या ह्यांना सांगितलं, तर त्यांनी विमानाचं काही मनावर घेतलं नाही. मुळशीला चाललीच आहेस तर येताना तांदूळ आण, एवढंच म्हणाले.

पौड

दिवाळी होऊन गेली होती. पौडच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा अंगावर दोन दोन शाली घेतलेली माणसं पाहून मला हसू आलं, आणि अर्ध्या तासात माझीच शाल बॅगेच्या तळातून बाहेर निघाली. तहसील कचेरीत कामाला आलेल्या लोकांची स्टँडवर ही गर्दी. जो तो चहा पितोय आणि जमिनीचं बोलतोय. आमच्याकडे चार माणसं जमली की पाण्याचं बोलतात. इथे पाणी बक्कळ, म्हणून जमिनीचं.

मला न्यायला वैशाली आली होती. तिशीच्या आतबाहेरची, काटक, पंजाबी ड्रेसवर संस्थेचं जाकीट. आम्हाला शिकवणाऱ्या संस्थेच्या पहिल्या तुकडीत ती स्वतः शिकली आणि आता तिथेच चार्जिंगचं यंत्र सांभाळते. संस्थेच्या खोल्यांना रंग चालू होता, म्हणून आम्हा शिक्षकांना गावातल्या घरांमध्ये वाटून दिलं होतं. मी वैशालीच्या वाट्याला आले. माझी बॅग स्कूटरच्या पुढे पायांत घेऊन ती म्हणाली, "घट्ट धरून बसा बाई, पुढं वळणं लई हायेत."

वळणं होतीच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी, इतकं निळं की मला उगाच चित्रातलं वाटलं. याच पाण्याची वीज कितीतरी वर्षं डोंगरापलीकडे मुंबईला जाते आहे. आणि प्रत्येक वळणावर प्लॉटचा बोर्ड. लेक टच, हिल व्ह्यू, क्लाउड काय नि काय. आमच्याकडे बोर्डावर पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात. इथे पुढाऱ्यांना जागाच उरली नाही. मी हे बोलले तर वैशाली हसली, पण पुढच्या बोर्डांकडे तिने बघितलंही नाही. का ते मला रात्री कळलं.

पठाराखालचं घर

घर ताम्हिणीच्या अलीकडे, पाण्यापासून वर चढून. मागे लगेच पठार. घरात वैशालीचे सासरे, त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. सासूबाई, त्या आक्का. आणि वैशालीची चार वर्षांची मुलगी चिऊ. वैशालीचा नवरा पुण्यात कंपनीची गाडी चालवतो, रविवारी येतो. पुढच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्यांना देतात. त्यातली एक मला मिळाली. भिंतीवर आण्णांनी 'मोठ्याने गाणी लावू नयेत' असं ठसठशीत रंगवून घेतलंय. मला माणूस तिथेच आवडला.

आण्णा बोलायला रोखठोक. पुणेरी माणूस आडून बोलतो, सोलापूरचा मोठ्यानं बोलतो, आणि हे नुसतं सरळ बोलतात. पहिल्याच चहाला मला विचारलं, "बाई, ऊन तुमच्याकडं, मग इमान हितं कशाला?" मी आपली पुस्तकी उत्तरं शोधतेय तोवर वैशालीनेच सांगितलं. पावसात ताम्हिणीच्या रस्त्यावर दरड आली की खालच्या कोकणातल्या गावांना औषधाची पेटीसुद्धा पोचत नाही. सरळ उडून गेलं तर अंतर कितीसं? पण विजेचं विमान फार लांब जात नाही. मध्ये कुठेतरी उतरून त्याला चार्ज व्हावं लागतं. ते मध्ये म्हणजे यांच्या घरामागचं पठार.

आण्णा म्हणाले, "म्हंजी एसटीचा थांबा." आणि खरं सांगते, पुढच्या सगळ्या तासांना इतकी सुटसुटीत व्याख्या मला कुणी दिली नाही.

रात्रीचं जेवण सांगायलाच हवं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कोकणातून घाट चढून आलेली सुकट आणि नव्या तांदळाचा भात. मी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेली बाई; भात म्हणजे आमच्याकडे जेवणाच्या शेवटी पानात पडणारा पाहुणा. पण तो भात! वास दारापर्यंत आलेला. शितावरून भाताची परीक्षा करायची तर मी पहिल्या शितालाच पास केला आणि तीनदा मागून घेतला. आक्का फक्त वाढत राहिल्या. त्या बोलतच नव्हत्या फारशा. चिऊ मात्र त्यांच्या पदराला धरून सगळ्या घरभर हिंडत होती.

भांडी घासताना वैशालीने तिच्या मनातलं काढलं. पठारावर संस्थेने वर्षभरासाठी शेड बांधलीय. ती मुदत संपत आलीय. संस्थेला पठार आता लांब मुदतीच्या भाड्याने हवंय, म्हणजे तिथे कायमचा चार्जिंगचा थांबा होईल आणि वैशालीला तिथेच, घरापासून हाकेच्या अंतरावर, पक्कं काम मिळेल. पण एक प्लॉटिंगवाला आण्णांच्या मागे लागलाय. त्याला पठार विकत हवंय, बंगल्यांसाठी. विकलं तर थांबा गेला, शेड गेली, आणि वैशालीला पुन्हा उरवड्याच्या कारखान्यात पॅकिंगला जावं लागणार. आधी ती तिथेच होती. पहाटे कंपनीची बस यायची तेव्हा चिऊ झोपलेली, परत यायची तेव्हाही झोपलेली.

"मग आण्णा काय म्हणतात?" मी विचारलं.

आण्णांनी साधा सौदा सांगितला होता. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी कंपनीचं विमान इथे उडवून दाखवणार होते. एकदा उडायचं, उतरायचं, इथल्या विजेवर चार्ज व्हायचं आणि पुन्हा उडायचं. तेही प्लॉटिंगवाल्यासमोर. दुसऱ्यांदा उडालं तर संस्थेला हो, नाही उडालं तर प्लॉटला हो.

मी म्हटलं, चांगलं आहे की, रोखठोक. वैशाली म्हणाली, "चांगलं हाय, पण बाई, मला झोप न्हाई."

पठार

सकाळी पठारावर चढताना माझी चप्पल दवात दोनदा घसरली आणि तिसऱ्यांदा शेणात गेली. वैशालीने गवताने पुसून दिली. वर पोचले आणि सगळी कुरकुर विसरले. सोनेरी वाळलेलं गवत, मध्ये काळा कातळ, खाली पाण्यावर धुकं. एका कडेला सौर पॅनेलच्या रांगा आणि पत्र्याची शेड. तोच आमचा वर्ग.

शिकवायला कुणाल नावाचा इंजिनिअर. नागपूरचा, हिंजवडीत आयटीत होता, ते सोडून इकडे आलेला. बोलताना निम्मं इंग्रजी, पण मुलगा गुणी. त्याने आधी आम्हाला एक हिशेब घालून दिला. विमान लहान असलं तरी ते कमी वेळात खूप वीज मागतं. गावाच्या डीपीला ती झेपत नाही. पॅनेलमधून वीज येते ती दिवसभर, हळूहळू. मग करायचं काय? मी म्हटलं, "अहो, हौद." आमच्याकडे नळाला करंगळीएवढी धार येते. ती रात्रभर हौदात साठवायची आणि सकाळी बादल्यांनी उपसायची. कुणालने टाळी दिली. शेडमागच्या खोलीत बॅटऱ्यांची कपाटं होती, तो हौद. आणि चार्जिंगचं यंत्र ही बादली.

मग बाकीच्या सोयी. विमान म्हटलं की आपण वर बघतो. ते सगळे दिवस आम्ही खालीच बघत होतो. उतरायची जागा सपाट हवी, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी हवी, आग लागली तर वाळू आणि पाणी हवं, अग्निशमनाची गाडी वर चढेल असा रस्ता हवा, गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण हवं. कुंपणाचा मुद्दा चालू असतानाच एक म्हैस शेडमध्ये शिरली आणि कुणालच्या पडद्यासमोर उभी राहिली. त्याला तिला हाकलता येईना. "एक्स्क्यूज मी," म्हणाला तिला! आम्ही सगळे शिक्षक पोट धरधरून हसलो. शेवटी आक्का कुठूनतरी आल्या, एक विशिष्ट आवाज काढला आणि म्हैस मुकाट्याने मागे वळली.

त्या दुपारी आक्कांशी माझं पहिल्यांदा बोलणं झालं. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या, मी शेजारी बसले. लहानपणी याच पठारावर त्या वडिलांच्या शेळ्या चारायच्या, म्हणाल्या. वरच्या वाडीतल्या त्या एकुलत्या एक. माहेर नि सासर एकाच गावात. मी म्हटलं, बरंय की, पाठवणीचं रडणं वाचलं. त्या जरा हसल्या. पठार प्लॉटला द्यावं की संस्थेला, असं मी त्यांना विचारलं नाही. मीच काय, त्या आठवड्यात कुणीच विचारलं नाही. कुणाल आण्णांना चहाला बोलवायचा, प्लॉटिंगवाला आण्णांना मिठाई आणायचा, वैशाली आण्णांचा चेहरा बघत बसायची. आक्का सगळ्यांना वाढायच्या.

चार्जिंगचं काम मी वैशालीकडून नीट शिकून घेतलं. जाड केबल, तिच्या टोकाला पिस्तुलासारखा दांडा, त्यावर रबरी झाकण. झाकण काढायचं, दांडा विमानात बसवायचा. यंत्र लगेच वीज देत नाही. आधी स्वतःच तपासतं, कुठे करंट गळत तर नाही ना. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. रोज काम संपलं की वैशाली मुख्य बटण बंद करून त्याला कुलूप लावायची. यंत्राच्या दारावर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू अजून होतं. आमच्या आयटीआयतही खंडेनवमीला आम्ही लेथपासून मीटरपर्यंत सगळ्यांना कुंकू लावतो, त्यामुळे मला ते घरच्यासारखंच वाटलं.

उड्डाणाचा दिवस

शेवटच्या दिवशी उजाडताना मी अंगणात दात घासत होते, तर आक्का पठाराच्या वाटेने खाली येताना दिसल्या. हातात पूजेचं ताट, पदर डोक्यावर. पठाराच्या कडेला म्हसोबा आहे, तिकडे गेल्या असतील असं मी धरून चालले. सुनेसाठी साकडं घातलं असेल, म्हटलं. मला बरं वाटलं.

दव सुकल्यावर सगळं गाव वर जमलं. विमान आदल्या दिवशीच टेंपोतून आलं होतं आणि त्याच्याबरोबर कंपनीची दोन माणसं. विमान म्हणजे तुम्ही समजता तसं नव्हे. डोक्यावर आठ पंखे, खाली दोन माणसं बसतील एवढी खोली, आणि चालवणारा जमिनीवर उभा. परवानगी माणसं बसवायची नव्हती, वजन ठेवायची होती. तर वजनासाठी आणलेली वाळूची पोती टेंपोतून उतरवताना त्यातली दोन फाटली. वाळू पंख्यांत गेली तर संपलंच. कुणाल कपाळाला हात लावून बसला. तेव्हा आण्णा म्हणाले, "तांदूळ न्या की घरातला." आणि वैशालीने दोन पोती आणवली. नव्या तांदळाची, वासाची. ती सीटवर ठेवून पट्टे बांधले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आमी जल्मात इमानात बसलो न्हाई, तांदूळ आधी बसला. सगळे हसले, आण्णासुद्धा.

तेवढ्यात प्लॉटिंगवाल्याची पांढरी गाडी आली. तो येऊन आण्णांच्या शेजारी कातळावर बसला. वाईट माणूस नव्हता हो. मऊ बोलायचा, चिऊला चॉकलेट द्यायचा. पण मला त्याचं ते घड्याळ बघणं सहन होईना.

आणि ते उडालं. मोठा आवाज होईल म्हणून मी कानावर हात ठेवले होते, तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा नुसता घूं आवाज. सरळ वर गेलं, पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन वळलं आणि आलं तसं खाली उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कशासाठी ते मला सांगता येणार नाही. आयुष्यभर मोटारी भरायला शिकवल्या, त्यातली एक अशी वर गेलेली बघायला मिळाली, एवढंच.

आता चार्जिंग. वैशालीने मुख्य बटण चालू केलं, झाकण काढलं, दांडा बसवला. यंत्राने तपासलं. लाल दिवा. तिने काढून पुन्हा बसवला. लाल. कुणाल धावत आला. "मॉइश्चर दाखवतंय," म्हणाला, "कुठेतरी ओल आहे." लोकांची कुजबुज सुरू झाली. वैशालीने बटण बंद करून कुलूप घातलं आणि दांड्याच्या आत बॅटरीचा प्रकाश पाडला. मी तिच्या खांद्यावरून वाकले.

आत ओल होतीच. पण नुसती ओल नव्हती. लालसर चिकट काहीतरी होतं, आणि कडेच्या खाचेत तांदळाचा एक अख्खा दाणा. नारळाच्या पाण्याचा वास मला लगेच आला. आमच्याकडे एका खंडेनवमीला एका पोराने असंच भक्तिभावाने सॉकेटमध्ये कुंकू भरलं होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मला सकाळचं ताट आठवलं. मी वैशालीकडे बघितलं. तिला माझ्या आधीच कळलं होतं. आक्का बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या, चिऊ कडेवर, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय हाय?" आण्णांनी तिथूनच विचारलं.

"ओल हाय मामा. पुसते. थोडा येळ लागंल." वैशालीने तो दाणा चिमटीत उचलला आणि जाकिटाच्या खिशात टाकला. स्पिरिटने पुसायला लागली. मी बॅटरी धरून उभी राहिले.

आण्णांनी मान हलवली. "दवानं बसतंय, तर आखाडात काय करायचं ह्येचं? हितं पाऊस लागला की थांबत न्हाई." प्लॉटिंगवाल्याने 'हो ना' अशी मान डोलवली. आणि खरंच, सवाल बिनतोड होता.

कुणाल बिचारा मदत करायला गेला. म्हणाला, "नाही आण्णा, पावसाचं टेन्शन नाही. झाकण लावलेलं असलं की थेंबभर पाणी आत जात नाही. कोणीतरी झाकण उघडलं असणार." भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं. सगळ्यांची तोंडं वैशालीकडे वळली.

"यंत्र तुज्याच ताब्यात हुतं न्हवं?" आण्णांनी विचारलं.

वैशालीने मान वर केली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. म्हणाली, "व्हय मामा. माजीच चूक झाली."

अरे देवा! मला असा राग आला म्हणून सांगू. जिच्यासाठी ही पोरगी आठवडाभर झोपली नाही ते काम, ती एका वाक्यात सासूच्या अब्रूसाठी सोडून देत होती. सांगितलं असतं खरं तर काय झालं असतं? यंत्र निर्दोष ठरलं असतं, तीही. पण चारचौघांत, प्लॉटिंगवाल्यासमोर, आक्कांची मान खाली गेली असती. घरातलं घरात, असं तिने ठरवलं होतं. मी गप्प राहिले, कारण ते माझं घर नव्हतं.

आण्णा उठले. गुडघ्यावरची माती झटकली. काहीतरी बोलणार असं दिसलं, तोच मागून आक्का म्हणाल्या, "तिची चूक न्हाई."

त्या पुढे आल्या. चिऊ कडेवरच होती. "झाकण म्या काढलं. नारळ फोडला, पानी घातलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आन झाकण हुतं तसं बशिवलं. मला वाटलं त्येच त्याचं त्वांड."

आण्णा त्यांच्याकडे वळले. "तुला कुनी सांगितलं हुतं?"

"कुनी सांगायचं?" आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "पठार माज्या बाचं हाय. माज्या जागंत कोन ऱ्हायला आलं, तर त्येला कुंकू म्याच लावनार न्हवं? तुमी ते दुसऱ्यांदा उडतंय का बगून ठरवनार हुता. म्या पहाटंच ठरवलं."

मला एकदम उमगलं, आम्ही सगळे आठवडाभर चुकीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो. प्लॉटिंगवालासुद्धा.

आण्णा हळूच म्हणाले, "आगं, पर मला बोलायचंस तरी."

आक्कांनी चिऊला कडेवर नीट घेतलं. "ही उरवड्याला जायची तवा पोरगी मला आई म्हनाया लागली हुती. तुमी ऐकलंय. मला आजीच ऱ्हाऊ द्या."

वैशालीने तोंड यंत्राकडे फिरवलं आणि पुसलेलाच दांडा पुन्हा पुसायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले, त्यात लपवायचं काय. आण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग प्लॉटिंगवाल्याकडे वळून अगदी पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "च्या घेऊन जावा."

दांडा सुकायला वेळ लागला. उन्हात धरला, पंख्याने वारा घातला, तोवर कुणालने दोनदा जेवायची आठवण काढली. शेवटी हिरवा दिवा लागला. हौदातली वीज बादलीत आली आणि दुपार कलताना तांदळाची पोती दुसऱ्यांदा आकाशात गेली. गंमत म्हणजे तोवर निम्मं गाव घरी गेलं होतं. आण्णा मात्र मान वर करून शेवटपर्यंत उभे होते. ठरलेलं असलं तरी बघायला काय हरकत आहे, म्हणाले.

सोलापूर

निघताना आक्कांनी मला त्या उडालेल्या पोत्यातला तांदूळ बांधून दिला. घरी पहिला भात केला तेव्हा मी आमच्या ह्यांना सगळी हकीकत सांगितली. दोन घास खाऊन ते म्हणाले, तरीच हलका लागतोय. या माणसाचं काय करायचं?

पोरांना मी आता फळ्यावर तो थांबा काढून दाखवते. पॅनेल, बॅटऱ्यांचा हौद, चार्जिंगचं यंत्र, कुंपण, वाळू, पाणी, रस्ता. आणि यंत्रापासून चार पावलांवर एक दगड. पोरं विचारतात, हा कशाला? तो वैशालीने सिमेंटमध्ये बसवून घेतलाय, नारळ फोडायला. वाहनाची पूजा करू नका असं आपल्या माणसांना सांगून कुणी ऐकणार नाही. मग पूजेला जागा द्यावी, म्हणजे दांडा कोरडा राहतो. कुणालने ती सोय आता त्याच्या तासातही घातलीय. पोरं हसतात. हसू देत.

परवा दुपारी एक शंका होती म्हणून वैशालीला फोन लावला. फोन चिऊने उचलला. मागे आक्का कुणाला तरी हाक मारत होत्या, बहुतेक म्हशीला. मी म्हटलं, चिऊ, आईला दे गं.

"आई वर हाय, इमानाकडं," चिऊ म्हणाली. "थांबा, आता येल जेवायला."